पुनरुत्थान मानलं नाही तर ख्रिस्ती राहता येतं का?

सांजवात

बरेच दिवस विचारू की नको करत होते. शेवटी धागा काढतेय.

उपासनेत मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारा ठरलेला पाठ, म्हणताना मी एका ओळीला गप्प होते. ‘तिसऱ्या दिवशी मेलेल्यांमधून पुन्हा उठला.’ गायकवृंदात पुढच्या रांगेत उभी असते, त्यामुळे ओठ हलवावे लागतात, पण आवाज काढत नाही. त्याच्या आधीचं सगळं, पंतय पिलाताच्या वेळी दुःख सोसलं, वधस्तंभावर खिळला गेला, मरण पावला, पुरला गेला, हे मी खणखणीत म्हणते. मग एक ओळ खाली जाते आणि पुढे पुन्हा सूर लागतो.

मी जन्माने ख्रिस्ती आहे आणि मनानेही. डोंगरावरचं प्रवचन, उधळ्या मुलाची गोष्ट, शिष्यांचे पाय धुणारा येशू, हे माझ्यातून काढलं तर मी कोण उरेन ते मला माहीत नाही. पण मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कबरीबाहेर आला हे मनाला पटत नाही. आधी पटायचं, आता नाही. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी प्रेषित पौलाचं एक वचन ऐकवलं आणि छत्री मिटावी तसा विषय मिटवला.

तर प्रश्न असा की ती ओळ गाळून मी ख्रिस्ती आहे की नाही? पुनरुत्थान खरंच घडलं का, हा वेगळा धागा होईल. आणि कृपा करून धर्मांतराचा विषय इथे नको. त्यावर शंभरी गाठलेले धागे आहेत, तिकडे जा.

शंकेखोर

नाही. पुढचा प्रश्न?

बरं, थोडं विस्ताराने. येशू चांगला माणूस होता, छान बोलायचा, त्याला अन्यायाने मारलं. एवढंच मानायचं असेल तर मीही ख्रिस्ती ठरतो, आणि मी तर कुठल्याच देवाला मानत नाही. शब्दाला काही कुंपण असतं की नाही? पाया काढून घेतला आणि भिंतीवरची चित्रं आवडतात म्हणून त्याला घर म्हणायचं, असा हा प्रकार.

पोथीवाला

ते वडीलधारे बहुधा पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सांगत असणार. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल. पुढे पौल आणखी कडक होतो. ही आशा फक्त या आयुष्यापुरती असेल तर सगळ्या माणसांत आपणच सर्वात केविलवाणे, असं तो म्हणतो.

पण वचन तोडून वाचू नये, अख्खा अध्याय वाचावा. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या सुमाराचं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. सुरुवातीला पौल एक यादी देतो. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि सर्वात शेवटी मला. हे आपल्याला मिळालं आणि आपण तुम्हाला दिलं, असंही तो सांगतो. म्हणजे हे त्याच्या पदरचं नाही, आधीपासून तोंडपाठ चालत आलेलं आहे. वधस्तंभाची घटना इ.स. ३० च्या आसपासची धरतात, आणि ही यादी तिथून फार तर काही वर्षांत तयार झाली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा ‘पुनरुत्थान मागाहून चिकटवलं’ हा आवडता युक्तिवाद इथे टिकत नाही.

आता सांजवातताईंच्या कामाची गोष्ट. पौल हे लिहितोय कोणाला? तुमच्यातले काही जण मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं कसं म्हणतात, असा त्याचा सवाल आहे. *तुमच्यातले* काही जण. ते करिंथच्या मंडळीत बसलेले आहेत. त्याच पत्रात दुसऱ्या एका माणसाला मंडळीतून काढून टाका असं पौल स्पष्ट सांगतो, पाचव्या अध्यायात, सावत्र आईशी संबंध ठेवणाऱ्याला. पुनरुत्थान नाकारणाऱ्यांना मात्र काढा म्हणत नाही. त्यांच्याशी अख्खा अध्यायभर वाद घालतो आणि शेवटी ‘प्रिय बंधूंनो’ म्हणतो.

शंकेखोर

वाद घालतो कारण ते चूक आहेत. बंधू म्हणणं हा शिष्टाचार झाला. आणि त्या लोकांचा आक्षेप सगळे मेलेले उठतील या सर्वसाधारण पुनरुत्थानाला होता, खुद्द येशूच्या नव्हे. पौल त्यांना उलट पेचात पकडतो, की मेलेले उठतच नसतील तर ख्रिस्तही उठला नाही. हे मान्य असेल तर तुमचा दाखला सांजवातताईंना लागू होत नाही.

पोथीवाला

मान्य. तेवढा भाग मी गुळगुळीत केला. तरी कोणाला बाहेर काढायचं आणि कोणाशी बोलत राहायचं यातला पौलाचा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

खडूफळा

मार्काच्या शुभवर्तमानाचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून आलो.

सगळ्यात जुनं शुभवर्तमान मार्काचं. चौथ्या शतकातल्या दोन थोर हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं. बायका कबरीपाशी जातात, शिळा लोटलेली असते, पांढऱ्या झग्यातला एक तरुण सांगतो की तो उठला आहे, इथे नाही. बायका थरथर कापत पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं. उठलेला येशू कोणाला भेटत नाही. आज छापील बायबलात पुढच्या ओव्या असतात त्या मागाहून जोडलेल्या आहेत आणि चांगल्या आवृत्त्यांत तशी टीपही असते.

दुसरं, नव्या करारातलं याकोबाचं पत्र. पाच अध्यायांचं पत्र, त्यात पुनरुत्थानाचा उच्चार नाही. आणि १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेलं थोमाचं शुभवर्तमान म्हणजे ११४ वचनं. त्यात ना वधस्तंभाची कथा, ना रिकामी कबर. म्हणजे येशूची वचनं धरून जगणारे, आणि या कथेवाचून ज्यांचं अडलं नाही असे लोक सुरुवातीलाही असावेत.

पोथीवाला

‘असावेत’ या शब्दावर फार ओझं टाकताय मास्तर. याकोब बोलला नाही म्हणजे मानत नव्हता असं होत नाही. मी तुम्हाला पत्र लिहिलं आणि त्यात श्वास घेतल्याचा उल्लेख नसला, म्हणून मी श्वास घेत नव्हतो का? आणि मार्कात तो तरुण स्पष्ट सांगतो की तो उठला आहे. कथा अर्धवट सोडली आहे, बातमी नाही.

नाग हम्मादीतलंच फिलिपचं शुभवर्तमान मात्र खरोखर वेगळा सूर लावतं. प्रभू आधी मेला आणि मग उठला असं म्हणणारे चुकतात, तो आधी उठला आणि मग मेला, असं तिथे म्हटलंय. पुनरुत्थान ही जिवंतपणी होण्याची गोष्ट आहे, असा त्याचा रोख. मुख्य प्रवाहाने हे नाकारलं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत या दोघांवर ठपका आहे तोही अशाच कारणासाठी, पुनरुत्थान होऊन गेलं असं म्हणतात म्हणून.

उंटावरून

अरे, दोन हजार वर्षं एक साधा प्रश्न सुटत नाही, कमाल आहे. शिष्यांना दुःखात भास झाले. गेलेलं माणूस दिसणं, त्याचा आवाज येणं, हे घरोघरी होतं. विषय संपला.

सांजवात

@उंटावरून, हा तो धागा नाही असं वर लिहिलंय. भास होते असं धरूनच चाललेय समजा. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

उंटावरून

मग तुमच्यासाठी एक प्रामाणिक माणूस सांगतो. गेर्ड ल्युडेमान, जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात नव्या कराराचे प्राध्यापक होते. त्यांचं मत हेच, की पेत्राला आणि पौलाला झालं ते मानसिक दर्शन होतं. सुरुवातीला ते म्हणायचे की तरी मी ख्रिस्ती आहे. मग १९९८ मध्ये जाहीर करून टाकलं की आता स्वतःला ख्रिस्ती म्हणवणं मला जमत नाही. मला हे सरळ वाटतं. ओठ हलवत राहण्यापेक्षा बरं.

(अवांतर: दुसरा नमुना डेव्हिड जेन्किन्स, इंग्लंडमधल्या डरहॅमचे तेव्हाचे बिशप. पुनरुत्थानाबद्दल मोकळेपणाने बोलायचे म्हणून गदारोळ. ६ जुलै १९८४ ला यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला आणि ९ जुलैला त्याच कॅथीड्रलवर वीज पडून आग लागली. लोक म्हणाले, देवाने उत्तर दिलं. तीन दिवस उशिरा.)

माजी_सेमिनरी

जेन्किन्स यांच्यावर त्या काळात अन्याय झाला. ‘पुनरुत्थान म्हणजे हाडांची जादू’ असं ते म्हणाले, अशी बोंब झाली. ते म्हणत होते नेमकं उलट, की पुनरुत्थान ही नुसती हाडांची जादू *नव्हे*, त्याहून मोठं काही आहे. नकार गळून पडला आणि उरलेलं वाक्य जगभर फिरलं.

मी चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकलो, दीक्षेच्या आधी बाहेर पडलो. कारण हे नव्हतं, दुसरं होतं, ते असो. पण या प्रश्नावर वर्गात रात्र रात्र भांडलोय, म्हणून थोडं लांबवतो.

आधी ‘उठला’ म्हणजे काय ते ठरवा. येशूने जिवंत केलेला लाजारही उठला. पण तो जुन्याच शरीरात परतला आणि पुढे कधीतरी पुन्हा मेला असणार. येशूबद्दल नवा करार असलं काही म्हणत नाही. मरीया मग्दालीया त्याला माळी समजते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात आणि ओळखत नाहीत, तो भाकर मोडतो तेव्हा ओळखतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. बंद दारांतून आत येतो, पण भाजलेला मासाही खातो. पौल तर मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही असं म्हणतो आणि ‘आध्यात्मिक शरीर’ असा शब्दप्रयोग करतो. आता शरीर म्हणावं तर आध्यात्मिक कसं, आणि आध्यात्मिक तर शरीर कशाला? लिहिणाऱ्यांनाच शब्द पुरत नाहीयेत. प्रेत उठून चालू लागलं हे सांजवातताईंना पटत नसेल, तर प्रेत उठून चालू लागलं असं तिथेही म्हटलेलं नाही.

गेल्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञांत यावर दोन टोकं होती. रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ च्या निबंधात मांडलं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने नव्या कराराचं चमत्कारांचं जग जसंच्या तसं मानावं ही अपेक्षा करता येत नाही. पुनरुत्थान म्हणजे वधस्तंभाचा अर्थ उमगणं, येशू उठला तो घोषणेत. दुसऱ्या टोकाला वोल्फहार्ट पॅननबर्ग. ते म्हणाले, इतिहासात काही घडलंच नसेल तर ती श्रद्धा म्हणजे आपलीच मनोवस्था, म्हणून इतिहासाच्या पद्धतीनेच या दाव्याची छाननी होऊ द्या. दोघेही आयुष्यभर चर्चचेच राहिले.

आणि आता माझा आवडता माणूस. पिंखास लापिडे, सनातनी ज्यू विद्वान. त्यांनी १९७० च्या दशकात पुस्तक लिहून सांगितलं की येशू मेलेल्यांमधून उठला हे ते ऐतिहासिक सत्य मानतात. तरीही ते ज्यूच राहिले. देवाने त्याला उठवलं, पण म्हणून तो आमचा मसीहा होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शंकेखोर

थांबा थांबा. पुनरुत्थान मानणारा ज्यू, आणि न मानणारी गायकवृंदातली ख्रिस्ती?

माजी_सेमिनरी

तेच तर. म्हणजे निव्वळ ‘घटना घडली’ हे मानणं ख्रिस्ती होण्यासाठी पुरेसं नाही हे पक्कं. आवश्यक आहे का, हा प्रश्न राहतोच. लापिडेंनी त्याचं अर्धंच उत्तर दिलं.

खडूफळा

+१. लापिडे माहीत नव्हते. धागा वाचनखुणेत.

ओवीकार

धर्मशास्त्र मला कळत नाही, भाषेचं बोलतो.

मराठीत विश्वास ‘बसतो’ आणि विश्वास ‘ठेवतात’. बसणं माझ्या हातात नाही. पुरावा पटला तर बसतो, नाही तर कितीही दामटा, बसत नाही. ठेवणं मात्र माझ्या हातात आहे आणि ते नेहमी कोणावर तरी असतं. सांजवातताईंचा विश्वास *बसत* नाहीये. मंडळीतले वडीलधारे विचारताहेत की विश्वास *ठेवत* का नाहीस. दोघे दोन क्रियापदांत भांडताहेत.

आणि मराठी बायबलात तिसरंच आहे, विश्वास ‘धरणे’. बाहेर असं कोणी बोलत नाही, म्हणून ते कानाला परकं लागतं. पण धीर धरतो, दोरी धरतो, बोट धरतो, तसं ते आहे. धरलेलं सुटू शकतं, हे त्या शब्दातच गृहीत आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही. आणि येशू त्याला आधी अविश्वास संपवून ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो.

पोथीवाला

दंडवत. यात भर म्हणून मत्तयाचा शेवट. अकरा शिष्य डोंगरावर उठलेल्या येशूला पाहतात, नमन करतात, आणि पुढचेच शब्द आहेत की काहींना संशय आला. समोर उभा असताना! त्यांनाही तीच आज्ञा मिळते, जा आणि शिष्य करा. संशयवाल्यांना वेगळी रांग नाही.

शंकेखोर

ओवीकारांचं सुंदर आहे, पण मला एक अडचण दिसते. दोरी धरायची तर तिचं दुसरं टोक कोणीतरी धरलेलं हवं. नाही तर ते नुसतं दोरी हातात घेऊन उभं राहणं.

म्हणून सांजवातताई, मी प्रश्न बदलतो. मतांगीकार सोडा. तुम्ही प्रार्थना कोणाला करता?

म्हणजे बघा, गौतम बुद्ध निर्वाणाला गेले, त्यांचा मार्ग उरला, बौद्ध माणसाला अडचण नाही. सॉक्रेटिस मेला, त्याचे प्रश्न उरले. पण ख्रिस्ती लोक येशूशी *बोलतात*. ‘हे प्रभू’ म्हणतात. मेलेल्या माणसाची शिकवण पाळता येते, त्याच्यावर जीव ठेवता येतो, पण तो ऐकतोय असं धरून त्याच्याशी बोलायचं असेल तर तुम्ही त्याला मेलेला मानत नाही. मग तुम्ही कुठलाही शब्द वापरा.

माजी_सेमिनरी

शंकेखोरांनी आमच्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा नेमकं बोट ठेवलं. करिंथच्या त्याच पत्राच्या शेवटी एक शब्द आहे, ‘मारानाथा’. ग्रीक पत्रात अरामी शब्द, भाषांतर न करता तसाच. अर्थ, आमच्या प्रभू, ये. पहिल्या अरामी बोलणाऱ्या शिष्यांची ती प्रार्थना असणार, म्हणून ती तशीच जपली गेली. सिद्धान्त तयार व्हायच्या आधी लोक त्याला हाक मारत होते.

म्हणून माझं मत विचाराल तर, पुनरुत्थान ही प्रवेशपरीक्षेतली एक अट नाही, पण हाक मारण्यात ते आधीच आलेलं असतं.

उंटावरून

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी हाक न मारता भागवलं होतं. १८२० च्या सुमाराला त्यांनी वस्तऱ्याने शुभवर्तमानांतले चमत्कार वगळून उरलेले तुकडे चिकटवून स्वतःपुरतं पुस्तक बनवलं. शेवट असा की येशूला पुरलं, कबरीच्या तोंडाशी मोठी शिळा लोटली आणि निघून गेले. स्वच्छ काम.

खडूफळा

स्वच्छ खरं, पण शेवट कोणाच्या बाजूचा झाला? दुसरे मक्काबी या जुन्या ज्यू ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सात भावांना राजा छळ करून मारतो आणि ते एकामागून एक सांगतात की विश्वाचा राजा आम्हाला पुन्हा उठवील. मेल्यावर पुढे काय, अशी उत्सुकता नव्हे ती. जुलमाने मारलेल्यांचा हिशेब राहून गेलाय, तो देव चुकता करील, ही मागणी आहे. दानिएलाच्या बाराव्या अध्यायातही तेच. पुनरुत्थानाची कल्पना ज्यूंमध्ये ठळक झाली ती अशा रक्तातून. म्हणून सद्दूकी, म्हणजे मंदिराचे सत्ताधारी, ती मानत नव्हते आणि परूशी हा दुसरा ज्यू पंथ मानत होता, यात मला नवल वाटत नाही.

येशूला रोमने मारलं, शिक्षा सुनावणारा पिलात रोमचाच सुभेदार. ‘तो उठवला गेला’ म्हणजे वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. जेफरसनच्या पुस्तकात शिळा लोटली की पिलाताचा निकाल कायम.

माझ्या पहिल्या प्रतिसादाच्या हे थोडं विरुद्ध जातंय, कळतंय मला. लिहिता लिहिता मत हललं.

सांजवात

दोन दिवस फक्त वाचत होते. @शंकेखोर, तुमचा प्रश्न लागला. जपून उत्तर देते.

हो, मी येशूशी बोलते. ती ओळ गाळायला लागल्यापासूनही बोलते. काल रात्रीही बोलले, याच विषयावर, तक्रारीच्या सुरात. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत या दोन गोष्टी एकमेकींसमोर आल्याच नव्हत्या. यातून ‘म्हणजे तुम्ही मानताच की’ असा निष्कर्ष काढू नका, कारण कबरीचं अजूनही पटलेलं नाही. पण त्या वडीलधाऱ्यांना उत्तर म्हणून ‘मी मानत नाही’ हे वाक्य आता मला सरळ म्हणता येईना झालंय.

पोथीवाला

ताई, एक बारीक गोष्ट. निकियाच्या मतांगीकाराचा, म्हणजे ३२५ साली निकियाला भरलेल्या चर्चच्या परिषदेतल्या ग्रीक पाठाचा, पहिला शब्द अनेकवचनी आहे. आम्ही विश्वास धरतो. ‘मी’ नव्हे. पश्चिमेकडे लॅटिन उपासनेत तो ‘मी’ झाला. तुम्ही म्हणता तो प्रेषितांचा मतांगीकार ‘मी’नेच सुरू होतो, पण ‘आम्ही’वाला पाठही तितकाच अधिकृत आहे.

शंकेखोर

पळवाट! एकाने धरायचं आणि बाकीच्यांनी ओठ हलवायचे.

सांजवात

पळवाट असेल. पण गायकवृंदात श्वास घ्यायचा असतो ना, सगळ्यांनी एकदम नाही घ्यायचा. शेजारची सूर धरून ठेवते तेव्हा तुम्ही श्वास घेता, मग तुम्ही धरता तेव्हा ती घेते. ऐकणाऱ्याला सूर तुटलेला कळत नाही. सध्या त्या ओळीला माझा श्वास चाललाय असं धरते.

रविवारी आमच्याकडे प्रेषितांचाच आहे, ‘मी’वाला. बघते.

शंकेखोर

कळवा.